एकोणीस हिवाळे, शून्य सप्टेंबर

आरव्हीतून फिरणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: आम्ही कुणावर भार नाही. घर आमचं, अंथरूण आमचं, गॅस आमचा, संडाससुद्धा आमचाच. हॉटेलची खोली अडवत नाही, कुणाला चादरी बदलायला लावत नाही. रात्रीपुरती गाडी उभी करायला जागा लागते, तिचे पैसे मोजतो आणि निघतो. अटलांटात राहणारा माझा मावसभाऊही हेच म्हणाला होता. वर, ‘आणि पोळ्या करता येतात’ अशी पुस्ती जोडली होती. आम्ही भाड्याची आरव्ही घेऊन डिसेंबरअखेर फ्लोरिडा कीजमध्ये दहा दिवस हिंडलो. पोळ्या झाल्या, समुद्र झाला, सूर्यास्त तर रोजच झाले. ‘भार नाही’ हे वाक्य मात्र माझ्या घशाखाली उतरेना.

जागा आधी सांगतो. ‘की’ म्हणजे इथे किल्ली नव्हे, छोटं बेट. स्पॅनिशमधल्या ‘कायो’चं ते इंग्रजी रूप. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येला बेटांची एक माळ समुद्रात गेली आहे: की लार्गो, इस्लामोराडा, मॅरेथॉन, बिग पाइन आणि शेवटी की वेस्ट. ती ओवणारा रस्ता एकच, ओव्हरसीज हायवे. सुमारे १८० किलोमीटर, ४२ पूल, त्यातला एक जवळजवळ ११ किलोमीटरचा. डावीकडे अटलांटिक, उजवीकडे मेक्सिकोचं आखात, मध्ये तुम्ही आणि मागे हॉर्न न वाजवता वैतागलेली गाड्यांची रांग, कारण आरव्ही काही पळत नाही. गंमत म्हणजे ही बेटं कर्कवृत्ताच्या थोडी वर आहेत आणि आपला अख्खा महाराष्ट्र खाली. तरी हवा अस्सल उष्ण कटिबंधातली. की वेस्टला पारा शून्यापर्यंत उतरल्याची नोंदच नाही. त्यामुळे मिशिगन, ओहायो, ऑन्टारियो, क्वेबेकमध्ये बर्फ पडू लागला की तिथली निवृत्त मंडळी चाकांवरची घरं घेऊन दक्षिणेला येतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. पक्ष्यांसारखे येतात, पक्ष्यांसारखे जातात.

आता भाराकडे येऊ. आरव्हीला तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, एक मैल्याची. भिंतीवरच्या छोट्या पॅनेलवर तिघींची पातळी दिसते. घरी शॉवरखाली गाणी म्हणणारा माणूस इथे दुसऱ्याच दिवशी बादलीभर पाण्यावर येतो. दर तीन-चार दिवसांनी कुणीतरी हातमोजे चढवून मैल्याच्या टाकीचा पाइप जमिनीतल्या गटाराच्या तोंडाला जोडायचा असतो. आमच्यात ते कुणी करायचं हे पत्ते पिसून ठरायचं. आपल्या देहाचा जगावर पडणारा भार इतक्या स्पष्टपणे दाखवणारं यंत्र मध्यमवर्गीय घरात दुसरं नसेल. या बाबतीत आरव्ही प्रामाणिक आहे.

पण तिचा प्रामाणिकपणा टाकीपाशी संपतो. टाकीत भरलेलं पाणी या बेटांचं नसतं. मुख्य भूमीवर फ्लोरिडा सिटीजवळच्या विहिरींतून उपसलेलं पाणी रस्त्याच्या कडेने पाइपातून दोनशेच्या वर किलोमीटर वाहत की वेस्टपर्यंत जातं. टाकीतून गेलेला मैलाही ‘गेला’ असं नसतं. इथली जमीन म्हणजे जुन्या प्रवाळांचा आणि चुनखडीचा सच्छिद्र दगड. त्यात मुरलेलं घाण पाणी शेजारच्या समुद्रात उतरतं. म्हणून तिथल्या लोकांनी गेल्या काही दशकांत कोट्यवधी डॉलर खर्चून गटारव्यवस्था उभी केली. पेट्रोलची गोष्ट वेगळी सांगायला नको, आमची गाडी लिटरला चारएक किलोमीटर जायची. खरं तर ही बेटं स्वतःच आरव्हीसारखी आहेत. पाणी, धान्य, पेट्रोल, सगळं दुसरीकडून भरून आणायचं आणि कचऱ्याची सोय लावायची. फरक इतकाच की त्यांना चाकं नाहीत.

या फरकावर मी अडलो.

हिवाळ्यात येणाऱ्याला कीज कशी दिसतात? पाणी नितळ, हवा कोरडी, डास कमी, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो. हरिकेनचा मोसम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. वर्षातल्या सर्वात मोठ्या भरत्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतात. २०१९च्या त्या दिवसांत की लार्गोमधल्या एका वस्तीत रस्त्यांवर खारं पाणी जवळजवळ तीन महिने साचून होतं. लोक गाडीचा पत्रा गंजू नये म्हणून ती लांब लावून पायात गमबूट चढवून घरी जात. नाताळात येणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. २०२३च्या जुलैत मॅनेटी बे इथल्या उथळ पाण्यात ३८ अंश सेल्सिअसची नोंद झाली. ताप असलेल्या माणसाचं अंग असतं तेवढं ते पाणी. त्या उन्हाळ्यात प्रवाळ पांढरे पडत गेले आणि तिथल्या संशोधकांनी, पाणबुड्यांनी, स्वयंसेवकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळांचे हजारो तुकडे काढून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवले. ज्यांना पळता येत नाही त्यांना उचलून नेलं. जानेवारीत तोंडाला नळी लावून पाण्यावर तरंगणाऱ्या मला खाली एक पोपटी मासा दिसला आणि ‘वा’ म्हणून मी वर आलो. उन्हाळ्यात काय झालं होतं ते मला कॅम्पग्राउंडवरच्या एका फलकावरून कळलं.

एखाद्या नातेवाइकाला आपण फक्त दिवाळीत भेटतो. तो नेहमी हसरा, नव्या कपड्यातला, हातात फराळाचं ताट. त्याच्याबद्दल आपलं मत उत्तम असतं आणि आपण म्हणतोही की आमचे फार चांगले संबंध आहेत. ते खोटं नाही. पण त्याच्या दवाखान्याच्या रात्री ज्यांनी काढल्या, त्यांना हे ऐकून काय वाटत असेल?

कीजमध्ये ‘निघून जाणं’ ही नुसती भावना नाही, तिचं सरकारी वेळापत्रक आहे. वादळ येऊ घातलं की एकाच रस्त्याने सगळ्यांना बाहेर पडायचं असतं, म्हणून टप्पे ठरवले आहेत. वादळी वारे पोचण्याच्या साधारण ४८ तास आधी पर्यटक आणि आरव्हीवाले बाहेर. ३६ तास आधी मोबाइल होममध्ये राहणारे. ३० तास आधी पक्क्या घरातले रहिवासी. मोबाइल होम हे नाव मोठं फसवं आहे. नावात चाकं आहेत, पण ते घर एकदा टेकवलं की सहसा हलत नाही. पत्र्याची आणि हलक्या भिंतींची ती लांबट खोली म्हणजे इथल्या स्वयंपाक्यांचा, सफाई करणाऱ्यांचा, बोटींवर राबणाऱ्यांचा परवडणारा निवारा. म्हणजे रांगेत पुढे तो, ज्याचं घर त्याच्याबरोबर निघतं. त्याच्यामागे तो, ज्याचं घर मागे राहणार आणि बहुधा उडून जाणार.

या काउंटीत नवी घरं किती बांधू द्यायची हेसुद्धा १९९२ पासून या हिशोबाशी बांधलेलं आहे. कायम रहिवाशांना साधारण २४ तासांत बाहेर काढता आलं पाहिजे, त्या मर्यादेत बसतील तेवढेच परवाने. गावाची लोकसंख्या पाण्यावरून किंवा जमिनीवरून ठरते हे आपल्याला माहीत आहे. इथे ती पळायला लागणाऱ्या तासांवरून ठरते.

हे तास माणसांनी जीव देऊन शिकले आहेत. १९१२ साली हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीची रेल्वे याच बेटांवरून की वेस्टला पोचली. पुढे मोटारींसाठी रस्ता हवा झाला आणि मंदीच्या काळात त्याच्या पुलांच्या कामावर पहिल्या महायुद्धात लढलेले बेकार सैनिक लावले गेले. त्यांची राहण्याची सोय होती समुद्राकाठच्या तकलादू छावण्यांमध्ये. २ सप्टेंबर १९३५ला अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वात तीव्र वादळांपैकी एक त्यांच्यावर येऊन आदळलं. त्यांना न्यायला मायामीहून आगगाडी निघाली, पण उशिरा निघाली. इस्लामोराडाला पोचली तेव्हा लाटेने इंजिन सोडून सगळे डबे रुळांवरून उलथवले. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यातले निम्म्याहून जास्त हे माजी सैनिक. रेल्वे पुन्हा उभी राहिलीच नाही. तिच्या उरलेल्या पुलांवरून आणि भरावांवरून १९३८ साली मोटारींचा रस्ता पूर्ण झाला.

अर्नेस्ट हेमिंग्वे तेव्हा की वेस्टला राहत होता. तो बोटीने मदतीला गेला, प्रेतं पाहिली आणि ‘न्यू मासेस’ या नियतकालिकात एक संतापलेला लेख लिहिला. या सैनिकांचा खून कुणी केला, असाच त्याचा सवाल होता. त्यातला एक मुद्दा मला आजही जागचा हलू देत नाही. श्रीमंत बोटवाले आणि राष्ट्राध्यक्ष वादळाच्या महिन्यांत या बेटांकडे फिरकत नाहीत, कारण धोका त्यांना ठाऊक असतो. मग या माणसांना त्याच महिन्यांत तिथे का ठेवलं? म्हणजे ‘मोसम पाहून येणं’ ही गोष्ट ९० वर्षांपूर्वीही नैतिक प्रश्न म्हणून कुणाला तरी दिसली होती. इस्लामोराडाला रस्त्यालगत त्या मृतांचं स्मारक आहे, वाऱ्याने वाकलेले माड कोरलेलं. आरव्ही तिथे वळवणं अवघड जातं, बहुतेक लोक पुढे जातात.

मग काय, जाऊच नये? मला तसं वाटत नाही. कान्टने १७९५मध्ये शाश्वत शांततेवर लिहिताना एक साधा युक्तिवाद केला होता. पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत लांब पांगू शकत नाहीत, कधीतरी एकमेकांच्या दारात येणारच. म्हणून प्रत्येकाला कुठेही भेट देण्याचा हक्क आहे आणि येणाऱ्याला शत्रू समजलं जाऊ नये. (हे लिहिणारा माणूस आयुष्यभर क्योनिग्सबर्ग शहराच्या आसपासच राहिला, हे सोडून देऊ.) पण कान्टने भेटीचा हक्क आणि पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क वेगळे धरले होते. दुसऱ्याला यजमानाची संमती लागते. आरव्हीवाला या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो भेटीला येतो आणि पाच महिने राहतो. घर स्वतःचं असल्यामुळे कुणाचा पाहुणा आहोत असं त्याला वाटतच नाही.

आणि निघून जाणं? तेही वाईट नाही. १९३५च्या त्या माणसांना निघून जाता आलं असतं तर आज स्मारक लागलं नसतं. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७०च्या एका छोट्या पुस्तकात हे फार नेमकं मांडलं. एखादी गोष्ट बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. ज्याला बाहेर पडणं सोपं, तो आवाज उठवायच्या भानगडीत पडत नाही. आणि ज्यांचा आवाज ऐकला गेला असता, बऱ्याचदा तेच आधी बाहेर पडतात. हर्शमन स्वतः १९३३मध्ये बर्लिन सोडून गेलेला ज्यू होता आणि १९४०मध्ये मार्सेलहून इतर निर्वासितांना बाहेर काढायला मदत करत होता. निघून जाण्याने जीव वाचतो हे त्याला शिकवायची गरज नव्हती. तरी त्याने लिहिलं की निघून जाण्याची सोय माणसाला मुका करते.

मला आरव्हीची अडचण इथे दिसते. ती पेट्रोल खाते, रस्ता अडवते, हे सगळं खरं आहे आणि दुय्यम आहे. तिच्यातलं खरं आकर्षण ‘आवडलं नाही तर पुढच्या गावाला’ हे आहे. शेजारी भांडखोर निघाला, नळाला दाब नाही, पार्कच्या मालकाने कुणाला हाकललं, की चावी फिरवायची. ज्या गोष्टीवर गावात राहणारा माणूस कुरकुर करेल, पत्र लिहील, सभेत उठून बोलेल, तिथे आपण ब्रेक सोडतो. या सोयीला आपण ‘स्वातंत्र्य’ म्हणतो.

यावर मावसभावाचं उत्तर तयार होतं: ‘आपण पैसे देतो ना. हिवाळ्यात माणसं आलीच नाहीत तर या लोकांनी खायचं काय?’ बरोबर आहे. तिथल्या दुकानात, हॉटेलात कुणालाही विचारा, हेच सांगतील. पण पैशाची एक बाजू तो धरत नव्हता. सरकारी उद्यानात जागा चाळीसेक डॉलरला मिळते, पण ती महिनोन्महिने आधी भरते आणि मुक्कामालाही मर्यादा असते. खासगी कॅम्पग्राउंडला हिवाळ्यात रात्रीचे शंभर-दीडशे डॉलर आणि काही ठिकाणी त्याहून बरंच जास्त. आता जमिनीच्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच तुकड्यावर स्वयंपाक्याचा ट्रेलर महिन्याच्या भाड्याने ठेवायचा, की माझी आरव्ही रात्रीच्या भावाने? मी जितके जास्त पैसे देतो तितका स्वयंपाकी मागे सरकतो. यजमानाचं ऋण पैशाने फेडतोय असं मला वाटत असतं, पण या व्यवहारात माझे पैसे परतफेड नसून बोली असतात. मी त्या माणसापेक्षा वरची बोली लावलेली असते आणि मग तो माझ्यासाठी मासा तळायला दोन तास बसने येतो. ही बस खरोखर आहे. फ्लोरिडा सिटीहून मॅरेथॉनपर्यंत जाते आणि पहाटेपासून कामगारांना बेटांवर आणते.

आमच्या शेजारी मिशिगनचं एक जोडपं होतं, दोघंही सत्तरी ओलांडलेली. आम्ही त्यांना कांदेपोहे दिले, त्यांनी आम्हाला मैल्याच्या पाइपाची चांगली जोडणी शिकवली. त्यांचा हा एकोणिसावा हिवाळा. कीजमध्ये जन्मलेल्याला ‘काँक’ म्हणतात, शंखातल्या प्राण्यावरून. बाहेरून येऊन सात वर्षं काढली की ‘गोड्या पाण्याचा काँक’ अशी गमतीची पदवी मिळते. आजोबांनी हिशोब करून ठेवला होता. दर वर्षी पाच महिने, एकोणीस वेळा, म्हणजे ९५ महिने, जवळजवळ आठ वर्षं. ‘मी पास आहे,’ ते म्हणाले. आजी भांडी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, ‘आठ वर्षं खरी, पण त्यात सप्टेंबर एकही नाही.’

मग २०१७ची गोष्ट निघाली. त्या वर्षी १० सप्टेंबरला अर्मा हे वादळ कजो कीला धडकलं, चौथ्या श्रेणीचं. काउंटीत हजाराहून अधिक घरं पार नष्ट झाली, आणि मोबाइल होम, ट्रेलर यांचे हाल सर्वात वाईट. हे दोघं मिशिगनमध्ये टीव्हीसमोर. कॅम्पग्राउंडची लाँड्री आणि बाथरूम सांभाळणाऱ्या बाईंशी त्यांची ओळख होती, आजी दर ख्रिसमसला त्यांच्या मुलींसाठी मोजे विणून आणत. फोन लागत नव्हते. सहाव्या दिवशी मेसेज आला: आम्ही ठीक आहोत, ट्रेलर नाही. यांनी पैसे पाठवले. किती ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जानेवारीत आले तेव्हा ट्रेलरच्या रांगेतला मलबा उचललेला होता. पुढच्या हिवाळ्यात तिथे आरव्हीसाठी नव्या जागा झाल्या, काँक्रीटचा ओटा, वीज, पाणी, गटाराचं तोंड. बाई आता होमस्टेडला राहतात आणि बसने येतात.

मालकाने नव्या रांगेतली समुद्राकडची जागा या दोघांना देऊ केली होती. त्यांनी घेतली नाही. ‘तिच्या स्वयंपाकघरात गाडी लावल्यासारखं वाटलं असतं,’ आजी म्हणाल्या. जागा अर्थातच रिकामी राहिली नाही. गेली काही वर्षं ती भाड्याच्या आरव्ही घेऊन येणाऱ्यांना मिळते. दहा दिवस आमची गाडी तिथेच होती. आम्हाला वाटलं होतं, नशीब काढलं.

त्या दोघांनी नाकारलं, हे मला थोर वाटलं आणि पुरेसं वाटलं नाही. दोन्ही एकाच वेळी. नाकारून त्यांचं मन स्वच्छ राहिलं, पण ट्रेलरची एकही जागा परत आली नाही. हर्शमनच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी त्या एका ओट्यावरूनही बाहेर पडण्याचा मार्ग निवडला. वर्षानुवर्षं नियमाने पैसे देणारं गिऱ्हाईक मालकाकडे जाऊन म्हणालं असतं की रांगेतल्या चार जागा कामगारांसाठी ठेव, नाहीतर आम्ही आणि आमच्यासारखे दहाजण येणार नाही, तर ते त्याला ऐकावं लागलं असतं. कदाचित त्याने ऐकलं नसतं. पण बाईंच्या तोंडून हे वाक्य निघूच शकत नव्हतं, कारण त्यांच्याकडे ‘नाहीतर’च्या पुढे काही नव्हतं. निघून जाता येण्याची जी सोय आपल्याला मुका करते, तिचंच वजन आवाजामागे लावता येतं. ते ज्यांच्याकडे असतं ते बहुधा वापरत नाहीत, आणि ज्यांना हवं असतं त्यांच्याकडे ते नसतं.

हे मी आजोबांना जमेल तसं सांगितलं. सत्तरीच्या माणसाला त्याच्याच खुर्चीत बसून उपदेश करतोय याचा संकोच वाटत होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘माझं मत मिशिगनला. इथे मला मत नाही.’ मी म्हटलं, घरांबद्दल आणि परवान्यांबद्दल काउंटीच्या सभा होतात, तिथे बोलायला मत लागतं का? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, लागत नाही, कुणीही नाव देऊन उभं राहू शकतं, काही मिनिटं देतात, पेपरात वाचलंय. आजींनी विचारलं, ‘उन्हाळ्यात असतात ना त्या?’

‘नाही,’ ते म्हणाले, ‘दर महिन्याला असतात. जानेवारीतही.’